चिनी धोबी, विनोदी गुप्तहेर : साल कुठलं घेऊ?

बोरूबहाद्दर
नमस्कार मंडळी. एका दिवाळी अंकासाठी विनोदी गुप्तहेरकथा लिहायला घेतली आहे. नायक खासगी गुप्तहेर, पण पाटी लावून पाइप ओढणारा नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनात कपडे धुण्याचं दुकान चालवणारा चिनी माणूस. गोऱ्या साहेबांचे शर्ट याच्याकडे येतात. कोणाच्या बाहीवर शाई, कोणाच्या कॉलरीवर परक्या बाईची लाली, कोणाच्या खिशात गहाणवटीची चिठ्ठी, हे पोलिसांच्या आधी याला कळतं. अशील पैसे बुडवतात, मदतनीस पुतण्या अतिउत्साही आणि बिनडोक. मसाला तयार आहे.

पार्श्वभूमी म्हणून तिथल्या चिन्यांचा इतिहास वाचायला घेतला आणि हात थबकला. खाणीत उतरला तर परदेशी म्हणून कर, कोर्टात गेला तर साक्ष नामंजूर, १८८२ पासून तर मजुरांना देशातच बंदी. तर दोन प्रश्न. कथेसाठी साल कुठलं घेऊ? आणि मुळात या विषयावर विनोदी काही लिहावं का?

मोरावळा
वाचतेय. पुतण्या माझ्या ओळखीचा वाटतोय.

निवृत्त_वकील
१८५४ घ्या. त्या वर्षीचा कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल जसाच्या तसा छापलात तरी विनोदी कथा होईल.

जॉर्ज हॉल नावाच्या गोऱ्याने लिंग सिंग या चिनी माणसाचा खून केला. साक्षीदार चिनी. खालच्या कोर्टात फाशीची शिक्षा झाली, अपील वर गेलं. गोऱ्याविरुद्ध कृष्णवर्णीयांची आणि 'इंडियन' लोकांची, म्हणजे तिथल्या मूळनिवाशांची, साक्ष चालणार नाही असा तेव्हा कायदा होता. त्यात चिनी हा शब्दच नव्हता. मग मुख्य न्यायाधीश ह्यू मरे यांनी डोकं लढवलं. कोलंबस अमेरिकेत उतरला तेव्हा त्याला वाटलं आपण आशियात आलो, म्हणून त्याने तिथल्या लोकांना इंडियन म्हटलं. अर्थात इंडियन या शब्दात आशियातले सगळेच आले, म्हणून चिन्यांची साक्ष बाद, म्हणून हॉल सुटला.

थोडक्यात, कोलंबस साडेतीनशे वर्षांपूर्वी रस्ता चुकला म्हणून खुनी फासावरून उतरला. चाळीस वर्षं वकिली केली, इतकं निर्लज्ज निकालपत्र क्वचित वाचलं.

बोरूबहाद्दर
दंडवत! म्हणजे माझा धोबी खुनी शोधेल, पुरावा गोळा करेल आणि कोर्टाच्या दारात जाऊन अडकेल. दर वेळी त्याला एक गोरा माणूस भाड्याने आणावा लागेल, याच्या तोंडचं बोलायला.

सातारी_ठेचा
हे भारी आहे. तो गोरा कायम दारू पिऊन टाइट असला पाहिजे. साक्षीला उभा राहिला की भलत्यालाच खुनी म्हणून दाखवतो.

खडूस_काकू
तुम्हा सगळ्यांना हसू येतंय याचं नवल वाटतं. साक्ष चालत नाही याचा अर्थ काय होतो ते १८७१ मध्ये लॉस एंजेलिसला दिसलं. २४ ऑक्टोबरच्या रात्री पाचेकशे लोकांच्या जमावाने अठराएक चिनी माणसं मारली, बरीचशी फासावर लटकवून. त्यात एक वैद्य होता, त्याची अंगठी काढायला बोट कापलं. ज्यांना शिक्षा झाली ते अपिलात तांत्रिक मुद्द्यावर सुटले.

१८८५ मध्ये वायोमिंगच्या रॉक स्प्रिंग्जला कोळसा खाणीत निदान अठ्ठावीस चिनी मजूर मारले, त्यांची वस्ती जाळली. एकालाही शिक्षा नाही. तिथे तर साक्ष चालणार नाही असा कायदाही आड आला नव्हता, गोऱ्या शेजाऱ्यांपैकी कोणालाच काही 'दिसलं' नाही एवढंच.

आता यात तुमचा बिनडोक पुतण्या कुठे बसवणार?

सातारी_ठेचा
काकू, हलकेच घ्या हो.

खडूस_काकू
नाही घेत.

गूढकथाप्रेमी
काकूंचा मुद्दा वेगळ्या वाटेने पुढे नेतो. विनोद करणाऱ्याचा हेतू चांगला असून भागत नाही. ब्रेट हार्टने १८७० मध्ये एक विनोदी कविता लिहिली. दोन गोरे एका चिन्याला पत्त्यांत फसवायला बसतात. एकाच्या बाहीत एक्के आणि गुलाम कोंबलेले. पण 'बावळट' आ सिन त्यांच्यावरच डाव उलटवतो, तेव्हा ते 'स्वस्त चिनी मजुरांनी आमचं वाटोळं केलं' असा गळा काढून त्याला बडवतात. हार्टला चेष्टा करायची होती गोऱ्यांच्या ढोंगाची. झालं उलटंच. देशभर ती कविता गाजली ती 'बघा, चिनी किती लबाड' म्हणून, आणि चिन्यांना हाकला म्हणणाऱ्यांनीच ती डोक्यावर घेतली.

तेव्हा बोरूबहाद्दर, वाचक नेमका कोणाला हसणार हे कथा सुटली की तुमच्या हातात राहत नाही.

बोरूबहाद्दर
नेमकी हीच भीती आहे. हार्टच्या आ सिनला आतून काही आहे असं वाटत नाही, तो नुसता हसतमुख चेहरा आहे. माझी कथा धोब्याच्या तोंडून, प्रथमपुरुषी आहे. त्याने थोडा फरक पडेल?

टोरांटोचा_तात्या
पडेल. आणि कृपा करून त्याला 'र'चा 'ल' करून बोलायला लावू नका. आमच्या इथे माझ्या मुलाच्या वर्गातली चिनी मुलं आमच्यापेक्षा बरं इंग्रजी बोलतात आणि तरी लोक हीच नक्कल करतात. धोबी कथा सांगतोय म्हणजे मनातल्या मनात तो स्वतःच्या भाषेत बोलतोय. त्याला झकास मराठी द्या. मोडकं बोलायचं असेल तर त्या गोऱ्या पोलिसाने बोलावं, चिनी बोलायला गेल्यावर.

मोरावळा
+१. पोलीस 'इस्त्री कधी होईल' विचारायला जातो आणि भलतंच काहीतरी बोलतो.

अर्धा_कप_चहा
गुप्तहेरकथांची चर्चा चालली आहे आणि नॉक्सचं नाव अजून कसं नाही? रोनाल्ड नॉक्स, इंग्लंडातला पाद्री, रहस्यकथाही लिहायचा. १९२९ मध्ये त्याने रहस्यकथेचे दहा नियम दिले. पाचवा नियम : कथेत चिनी माणूस असता कामा नये. म्हणजे बोरूबहाद्दरांचा नायक पहिल्याच पानावर नियमबाह्य!

खडूस_काकू
घ्या. कायद्याने बंदी, कथेतही बंदी.

गूढकथाप्रेमी
काकू, इथे असहमत. तेव्हाच्या स्वस्त रहस्यकथांत खलनायक सापडला नाही की लेखक लांब नखांचा, भुयारात राहणारा, अफूच्या धुरातला चिनी उभा करून मोकळा व्हायचा. सॅक्स रोमरचा फू मांचू १९१३ पासून हेच करत होता. नॉक्सचा टोमणा त्या आळशी लेखकांना आहे.

खडूस_काकू
टोमणा असेल हो. पण 'चिनी खलनायक नको' असं नाही म्हटलं त्याने, 'चिनी नको' म्हटलं. चिनी माणूस कथेत साधा वाणी किंवा शेजारी म्हणून येऊ शकतो हे त्या विनोदी नियमाच्याही डोक्यात आलं नाही. आणि आपणही फार हसू नये. १९५८च्या 'हावडा ब्रिज'मध्ये मदन पुरीला चिनी खलनायक चांग कोणी केला होता?

सातारी_ठेचा
पण 'मेरा नाम चिन चिन चू'ला नावं ठेवायची नाहीत. धागा सोडून जाईन.

अर्धा_कप_चहा
हेलनला कोण नावं ठेवतंय. :)

चार्ली चॅनचंही सांगून टाकतो. १९२५च्या कादंबरीत अर्ल डेर बिगर्सने हा होनोलुलूचा चिनी पोलीस अधिकारी आणला. गोलमटोल, नम्र, उठसूट सुविचार टाकणारा. त्याच्यामागे खरा माणूस सांगतात तो होनोलुलूचा पोलीस चांग अपाना. हा अंगाने काटक, डोळ्यावर व्रण, कमरेला पिस्तूल नाही तर चाबूक, आणि जुगाराच्या अड्ड्यांवर एकटा घुसणारा. पडद्यावर चॅन सगळ्यांत गाजवला तो वॉर्नर ओलंडने. हा जन्माने स्वीडिश. त्याचा आगाऊ 'थोरला मुलगा' मात्र खरोखरीचा चिनी, की ल्यूक. म्हणजे बाप स्वीडनचा आणि मुलगा चीनचा, आणि रहस्य भलतंच शोधत बसलेत!

मला विचाराल तर त्या मालिकेतला खरा विनोदी गुप्तहेर तो पोरगाच. बोरूबहाद्दर, पुतण्याला जपा.

निवृत्त_वकील
सालाच्या मुद्द्यावर परत येतो. साक्षीवरची बंदी कॅलिफोर्नियात १८७२च्या नव्या संहितेनंतर गेली. म्हणून तो भाड्याचा गोरा हवा असेल तर कथा त्याआधी घडवा. पण मग धोब्याची गंमत हुकते, कारण धुलाईच्या दुकानांवरचे खरे नमुनेदार नियम १८७० आणि १८८०च्या दशकांत आले. घोडागाडीतून कपडे पोचवणाऱ्याला थोडा कर आणि घोडाच नसणाऱ्याला कितीतरी जास्त. घोडा कोणाकडे नव्हता हे सांगायला नको.

पुढे लाकडी इमारतीत धुलाई चालवायची तर नगरपालिकेच्या मंडळाचा परवाना लागू लागला. शहरातल्या ३२० दुकानांपैकी ३१० लाकडी इमारतींत. सुमारे दोनशे चिन्यांनी अर्ज केले, सगळे नामंजूर. गोऱ्यांपैकी एक सोडून सगळे मंजूर. ली यिक नावाच्या धोब्याने दुकान चालू ठेवलं, दंड भरायला नकार दिला, तुरुंगात गेला आणि १८८६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला. कायदा वरून सगळ्यांना सारखा दिसला तरी राबवताना पक्षपात केला तर तो समतेचा भंग आहे, हा मोठा सिद्धांत त्या खटल्यातला. नागरिक नसलेल्यालाही ते संरक्षण आहे असं न्यायालयाने म्हटलं. आजही ते प्रकरण 'यिक वो' या नावाने शिकवतात. यिक वो हे त्याच्या दुकानाचं नाव. अधिकाऱ्यांनी पाटी वाचली आणि तेच माणसाचं नाव समजून चालले.

बोरूबहाद्दर
वकीलसाहेब, तुम्हीच लिहा ना कथा. माझ्या नायकाचं नाव ठरत नव्हतं, आता ठरवणारच नाही. सगळे त्याला दुकानाच्या नावाने हाक मारतील आणि तो कोणालाही दुरुस्त करणार नाही.

मोरावळा
गुप्तहेराला बरंच आहे की ते. फुकटचं टोपणनाव.

सॅनहोजेकर
उशिरा येतेय, पण माझं मत : १८५४ नको, १८८५ पण नको. १९१० नंतरचं घ्या.

१९०६च्या भूकंपानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोची जन्मनोंदणीची कागदपत्रं जळाली. बंदी मजुरांना होती, नागरिकाच्या मुलाला नव्हती. आणि अमेरिकेत जन्मलेला चिनी हा नागरिकच, हे वाँग किम आर्कच्या खटल्यात १८९८ला ठरलेलं. मग कित्येकांनी सांगितलं, माझा जन्म इथलाच, नोंद जळाली. चीनला भेटीला जाऊन यायचं आणि परत आल्यावर नोंदवायचं, मला गावी मुलगा झाला. त्या कागदावरच्या मुलाची जागा पुढे कोणाला तरी विकता यायची. असे 'कागदी मुलगे' हजारोंनी आले. तेव्हा टोमणाच होता की हे सगळे खरे मानले तर भूकंपाआधीच्या एकेका चिनी बाईला शेकडो मुलगे झाले असतील. बायका तिथे मुळातच मोजक्या, कारण १८७५च्या पेज कायद्याने त्यांचं येणं आधीच आवळलं होतं.

सरकारला हे कळत होतं. म्हणून एंजल आयलंडवर, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या बेटावरच्या तपासणी नाक्यावर, १९१० ते १९४० या काळात, प्रत्येकाची उलटतपासणी. गावातल्या घराला पायऱ्या किती? तांदळाची कणगी कुठल्या खोलीत? तुमच्या रांगेतल्या तिसऱ्या घरात कोण राहतं? विहीर घरापासून किती अंतरावर? तेच प्रश्न इकडे राहणाऱ्या बापाला वेगळं बसवून विचारायचे. उत्तरं जुळली नाहीत की परत पाठवणी. लोक बोटीवर अख्खी वही पाठ करत आणि बंदर दिसायला लागलं की समुद्रात फेकत. विसरलं तर स्वयंपाकघरातले चिनी कामगार शहरातून चिठ्ठ्या आणून जेवणातून पोचवत. काहींना आठवडे, काहींना महिने तिथे कोंडून ठेवलेलं. आणि यात खरे मुलगेही नापास व्हायचे हो! स्वतःच्या घराच्या पायऱ्या कोण मोजतं?

पाहुणे आले की मी त्यांना तिथे घेऊन जाते. बराकीच्या लाकडी भिंतींवर कोरलेल्या चिनी कविता आहेत. १९७० मध्ये इमारत पाडायची चालली होती, तेव्हा एका उद्यानरक्षकाच्या नजरेला पडल्या म्हणून वाचल्या. पाहुण्यांना मात्र बहुतेक वेळा गोल्डन गेटचा फोटो हवा असतो.

तर तुमचा धोबी या काळात टाका. गुन्हा शोधायच्या ऐवजी तो रचतो. लोकांना खोटं गाव, खोटं घर, खोटी आजी तयार करून देतो, आणि गुप्तहेर असतो समोरचा गोरा इन्स्पेक्टर.

सातारी_ठेचा
आईशप्पथ. आणि पुतण्या हा खरा पुतण्या नाहीच!

बोरूबहाद्दर
सॅनहोजेकर, हे वाचून अर्धा तास नुसता फेऱ्या मारतोय. पुतण्या कागदी. म्हणून तो प्रत्येक गोष्ट इतक्या मन लावून पाठ करतो आणि सगळी चुकीच्या जागी वापरतो.

टोरांटोचा_तात्या
कॅनडाला विसरू नका. इथे बंदीऐवजी आधी डोईपट्टी लावली. १८८५ला ५० डॉलर, १९००ला १००, १९०३ला ५००. फक्त चिन्यांना. त्या पैशांत तेव्हा साधं घर आलं असतं. १९२३ला तेही पुरेना म्हणून जवळपास पूर्ण बंदी, ती १९४७पर्यंत. तो कायदा लागू झाला १ जुलैला, कॅनडाच्या राष्ट्रीय दिनी. बरीच वर्षं चिनी लोक त्या दिवशी दुकानं बंद ठेवायचे. सरकारने माफी मागितली २००६ मध्ये.

माझगावकर
सगळे अमेरिका-कॅनडा करताय म्हणून थोडं अवांतर.

आमच्या माझगावात नवाब टँकच्या बाजूला एक चिनी देऊळ आहे, १९१९चं. गोदीत, बोटींवर काम करणाऱ्या चिनी लोकांनी बांधलेलं. नाव सी यिप. सी यिप म्हणजे ग्वांगडाँग प्रांतातले चार तालुके म्हणा ना. आणि सॅन फ्रान्सिस्कोला गेलेले ते खाणवाले, रेल्वेवाले, धोबी बहुतेक याच चार तालुक्यांतले. एका घरातला एक भाऊ कॅलिफोर्नियाला आणि एक माझगावला असंही असू शकेल.

१९६२च्या युद्धानंतर इथे काय झालं तेही वाचा. आसाम, मेघालय, बंगालमधल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं, बायका-मुलांसकट. काहींना १९६७पर्यंत. त्यातले कित्येक भारतात जन्मलेले. बाहेर होते त्यांनाही शहर सोडायचं तर परवानगी, पोलिसांत नोंदणी. आमच्या वडिलांचे दाताचे डॉक्टर चिनी होते. मुंबईत जन्मलेले, मराठी आमच्यापेक्षा चांगली शिवराळ. वडील सांगायचे, त्या वर्षी नेहमीची माणसं दवाखान्यात यायची बंद झाली. वडीलही दोन-चार महिने गेले नाहीत. दाढ दुखत असताना.

खडूस_काकू
हे इथे लिहिलंत ते बरं केलंत.

सातारी_ठेचा
आमच्याकडे महाबळेश्वरला पण जुन्या तुरुंगात चिनी कैदी होते ना? इंग्रजांनी आणलेले.

माझगावकर
हो, चिनी आणि मलायी. भाजीपाला पिकवायचे, टोपल्या विणायचे.

सातारी_ठेचा
म्हणजे स्ट्रॉबेरी त्यांचीच का?

मोरावळा
स्ट्रॉबेरीवर आलात ना! आता दोन पानं क्रीमवर जाणार.

प्रशासक
स्ट्रॉबेरीसाठी वेगळा धागा काढावा. स्ट्रॉबेरीचे सहा प्रतिसाद उडवले आहेत.

गूढकथाप्रेमी
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. विनोदी लिहावं का? माझ्या मते या विषयावरचं सगळ्यांत चांगलं विनोदी गुप्तहेरकाम वेन वाँगने १९८२ मध्ये केलंय, 'चॅन इज मिसिंग'. चायनाटाउनातले दोन टॅक्सीवाले, त्यांचे चार हजार डॉलर घेऊन गायब झालेला चॅन. ज्याला विचारावं तो वेगळाच चॅन सांगतो. चॅन शेवटपर्यंत सापडत नाही. त्यात चार्ली चॅनवरून चेष्टा चालते, त्यामुळे हसायला येतं ते त्या जुन्या सोंगाला.

२०२५चा 'डिटेक्टिव्ह चायनाटाउन १९००' हा चिनी विनोदी गुप्तहेरपटही आहे, १९०० सालच्या सॅन फ्रान्सिस्कोत घडणारा. भव्य आहे, पण शेवटाकडे पात्रं भाषणं द्यायला लागतात आणि मला झोप येते.

अर्धा_कप_चहा
भाषणं द्यायची त्यांची पाळी आहे असं म्हणू. सव्वाशे वर्षं थांबले बिचारे.

गूढकथाप्रेमी
असेल. तरी झोप येते.

निवृत्त_वकील
बोरूबहाद्दर, शेवट करायचा तर एक तारीख देतो. १७ डिसेंबर १९४३. बंदीचा कायदा रद्द, कारण जपानविरुद्धच्या युद्धात चीन मित्रराष्ट्र. त्याच कायद्याने चिन्यांना अमेरिकी नागरिकत्वही खुलं झालं. मात्र वर्षाला प्रवेश किती? १०५. आपल्याला १९४६ मध्ये मिळाले १००, म्हणून फार कॉलर ताठ करू नये. आपलीही बंदी होतीच, १९१७ पासून.

बोरूबहाद्दर
साल ठरलं : १९२१, एंजल आयलंड आणि चायनाटाउन दोन्ही. धोबी दिवसा कपडे धुतो, रात्री खोटी गावं रचतो. एक दिवस एक मुलगा येतो, त्याला वही नको असते. तो खरा मुलगा आहे, पण इन्स्पेक्टरच्या प्रश्नांना नापास झालाय. आता धोब्याला पहिल्यांदाच खरं गाव शोधून काढायचंय, सॅन फ्रान्सिस्कोत बसून, त्या गावच्या माणसांना विचारून. प्रत्येकाला पायऱ्यांचा आकडा वेगळा आठवतो.

काकू, चालेल?

खडूस_काकू
मुलाला शेवटी परत पाठवणार की ठेवणार?

बोरूबहाद्दर
ते नाही सांगणार.

खडूस_काकू
मग अंक विकत घ्यावा लागेल. पुतण्याचे विनोद निम्मे करा. आणि लालीवाली कॉलर काढून टाका, ती शंभर कथांत झाली आहे.

सातारी_ठेचा
कॉलर राहू द्या. निम्म्यात निम्मे विनोद गेले तर आम्ही वाचायचं काय?